डावऱ्या हाताचा विळा

पळसदरी
कार्तिक वद्य १२, शके १८१७

हिरू,

आनंदीबाई म्हणत होत्या की आधी चिरंजीव सौभाग्यवती लिहू, मग अनेक आशीर्वाद, मग इकडचं क्षेमकुशल. मी म्हटलं, नुसतं हिरू लिहा. दोन वर्षांत जिने एका शब्दाने विचारपूस केली नाही, त्या थोरल्या जावेने आशीर्वाद पाठवले तर तू ते मिठात पुरशील.

आनंदीबाई म्हणजे इथल्या स्टेशनातल्या तारबाबूंचं कुटुंब. तू गेल्यावर आली ही माणसं. यांना नवऱ्याने लिहायला शिकवलंय. मी बोलते, त्या लिहितात, आणि माझं गावंढळ बोलणं जरा नीट करतात. पत्र नागूच्या हाती देतेय, करंज्याची नागू कोळीण, बोंबलाच्या गाड्या घेऊन साजगावच्या जत्रेला येते ती. तुझा ठावठिकाणा तिनेच सांगितला. म्हणाली, उरणला तुमच्या मिठागरावर कारकून आहे, तो वाचून दाखवील. कारकूनदादा, दंडवत. घाईने वाचू नका.

हिरू, काल मी विळा घेतला.

आता तू म्हणशील, यात सांगण्यासारखं काय. त्या दिवसानंतर मी विळ्याला हात लावला नाही, हे तुला कोणी सांगितलं नसेल. दोन कापण्या झाल्या, मी नुसते भारे बांधते आणि वाहते. शेतात सगळ्या ओणव्या असतात आणि मी बांधावर भारे बांधायला पेंढ्याचे आळे वळत बसलेली असते. पण कालचं सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझंच डोकं फुटेल. सकाळपासून तीन जणींना सांगून झालं, पण ज्या बाईला सांगायचं ती मिठागरावर.

एकादशी म्हणून आम्ही साजगावला गेलो, मी आणि हे. विठोबाच्या टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दर्शन घेऊन खाली आलो तर हे घोंगड्या बघायला गेले. घोंगडीवाल्याशी बोलायला बसले की ह्यांचं काय होतं तुला ठाऊक आहे. आत्याबाईंनी एक कोयती आणायला सांगितली होती, सासूचं काम चुकवून चालत नाही, म्हणून मी एकटीच लोहारांच्या पालांकडे वळले.

आपण दोघी जत्रेला गेलो तेव्हा त्या बाजूला कधी गेलोच नाही. आपल्याला बांगड्या पुरल्या. अगं, ओढ्याच्या काठाने पालांची रांगच्या रांग. तळेगावकडचे, मावळातले, खालापूरचे, पनवेलचे, सगळे लोहार एकाला लागून एक बसलेले. पुढ्यात कोयते, विळे, खुरपी, सुऱ्या, अडकित्ते मांडलेले, मागे भाते फुसफुसतायत. ऐरणीचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. मला वाटलं, बाई बघून हाकलतील. एकटी, हातात काही नाही. तर पहिल्याच पालातल्या म्हाताऱ्या लोहाराने गोणपाट झटकून पुढे टाकलं.

"बस माय. घ्यायचं नाय तरी हात लाव. लोखंड बघून कळत नाय."

आणि तिथली रीत ऐक. सुरी घेणाराला ते उसाचं कांडं देतात, कापून बघ म्हणून, आणि कापलेला ऊस त्यानेच खायचा. अडकित्ता बघणाराला सुपारी. त्यामुळे सगळी रांग काही ना काही चघळत असते. कोणी कोणाला ओळखत नाही, पण उसाचे तुकडे एकमेकांच्या हातावर ठेवतात. एक कातकरी कोयता तोलून बघत होता, त्याला लोहार सांगत होता, "ह्यो तुला जड जाईल, बांबू तोडायचा तर पलीकडल्या पालातला घे, त्याचा पातळ असतो." स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवतो, असा दुकानदार तू कुठे पाहिलास? आणि लोहारांचे हात तू बघायला हवे होतेस. धार बघायला आपल्याच हातावरचे केस भादरतात, त्यामुळे प्रत्येकाचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत. मला इतकं हसू आलं की ऊस घशात अडकला.

मी पालापालातून हिंडले. कोयती घेऊन झाली तरी पाय निघेना. तिसऱ्या की चौथ्या पालात मावळातलं एक जोडपं होतं. हिरामण लोहार आणि त्याची बायको अंबाबाई. तो सांडशीने तापलेलं पातं धरतो आणि ती घण घालते. तिचे दंड बघून मी थांबले. तिने घण खाली ठेवला, गुळाचं पाणी दिलं आणि म्हणाली, "दम खा. लांबनं आलीस जनू."

मी एक विळा उचलला. लगेच खाली ठेवला आणि उजव्या हाताने पुन्हा उचलला. हिरामण बघत होता.

"डावरी हायेस का गं?"

मी विळा खाली ठेवला. हा शब्द ऐकला की काय होतं मला, ते तुला माहीत आहे. उठायला लागले तर तो म्हणाला, "आगं, शिवी नाय दिली. इचारलं. डावरी असशील तर ह्यातला एकबी विळा तुझा न्हाय."

"का?"

त्याने विळा पालथा केला. हिरू, विळ्याचे दाते एकाच अंगाला पाडलेले असतात. मी जन्मभर विळा धरला आणि हे बघितलं नाही. उजव्या हाताने ओढला की दाते काडीला धरतात. तोच डाव्या हाताने ओढला की गुळगुळीत अंग काडीवर येतं आणि पातं सरकतं.

"म्हंजी तू कापत न्हाईस," तो म्हणाला, "तू घसरवतीस. जोर लावावा लागत आसंल दुप्पट. आणि कवातरी सुटत आसंल हातनं."

मी तिथेच गोणपाटावर बसले. मग मी म्हटलं, डावरीचा विळा असतो का. तो म्हणाला, मी केला नाही कधी. शेजारच्या पालात विचारलं. त्यालाही ठाऊक नाही. त्याने पुढच्याला विचारलं. हिरू, पाच-सहा लोहार आपापली कामं टाकून आले आणि माझ्याभोवती उकिडवे बसले. मधे विळा. कोणी म्हणे नुसते दाते उलट पाडून भागायचं नाही, वाकही बदलायला हवा. कोणी म्हणे वाक तोच राहू दे. पहिल्या पालातला खालापूरचा म्हातारा म्हणाला, "पन्नास वर्सं विळे करतोय, डावरीनं कदी मागितला नाय." अंबाबाई म्हणाली, "मागंल कशी बाबा? आपला हात वायट, असंच सांगितलंय तिला समद्यांनी."

हे लिहा आनंदीबाई, जसंच्या तसं लिहा.

मग हिरामणने कोरं पातं घेतलं. अंबाबाईने दोनदा घण मारून वाक थोडा मोकळा केला. छिन्नीने एकेक दाता उलट्या अंगाला पाडला. मधेच म्हातारा "तिरपा घे, तिरपा" म्हणून ओरडत होता, पनवेलकर सांडशी धरत होता, आणि बघ्यांनी एवढा घेर धरला की माझे हे गर्दी कशाची म्हणून बघायला आले आणि मधे बसलेली मीच निघाले. पात्याला पाणी दिलं, चर्रर झालं. मूठ बसवली. लोहार धारेची वस्तू हातात देत नाहीत, भुईवर ठेवतात, आपण उचलायची. मी उजवा हात पुढे केला. हिरामणने विळा मागे ओढला.

"ज्या हातानं कापनार, त्या हातानं उचल."

एवढ्या माणसांसमोर मी डाव्या हाताने उचलला. कोणीतरी गवताची पेंढी धरली. मी ओढला. हिरू, मला ओढल्यासारखं वाटलंच नाही. पेंढीचं अर्धं खाली पडलं होतं आणि मी अजून हात उगारून उभी. सगळी रांग हसली, म्हाताऱ्याने उसाचं कांडं माझ्या हातावर ठेवलं.

अंबाबाईने नंतर मला एक गोष्ट विचारली. ती इथे सांगण्यासारखी नाही.

तर हिरू, त्या दिवशी आपल्या शेतात जे झालं ते त्या विळ्यामुळे झालं. तू जरा पुढे सरकलीस, माझा विळा काडीवरून घसरला आणि तुझ्या हातावर आला. लोक माझा हात अपशकुनी म्हणाले, आत्याबाई तुला काहीबाही बोलल्या, पण दोष लोखंडाचा होता. हे तुला कळावं म्हणून पत्र.

पदू भाऊजींना सांग. उत्तर पाठव, नागू परत येणार आहे.

सुंदरा


पळसदरी
कार्तिक वद्य १४

हिरू,

पहिलं पत्र तुला अजून पोचलं नसेल आणि मी दुसरं लिहायला बसले. आनंदीबाई हसतात. हे नागूच्या भाच्याच्या गाडीने येईल.

काल गरवं भात कापायला घेतलं. ओढ्याकाठचं, उशिराचं. मी विळा पदराखाली धरून गेले. हे म्हणाले, लपवतेस काय, सगळ्या साजगावाने बघितलाय. ओळीच्या अगदी डाव्या टोकाला उभी राहिले, म्हणजे माझ्या विळ्याच्या बाजूला नुसता बांध, माणूस नाही. हे अंबाबाईने शिकवलं. इतकी साधी गोष्ट आहे. आत्याबाई बांधावरून बघत होत्या. मी ओणवी झाले.

कसा आवाज येतो माहिती आहे? खर्र, खर्र, आणि काडी मुठीत येते. मनगट दुखत नाही. दुपारी मान वर केली तर मी सगळ्यांच्या पुढे होते आणि ते मला कळलंच नव्हतं. हे मागून येऊन म्हणाले, "हळू, आमाला पन राहू दे थोडं." चौदा वर्षं या घरात आहे मी, कापणीत असं कोणी मला म्हटलं नव्हतं. तुला म्हणायचे.

आज पहाटे उठून पुन्हा साजगावला गेले. मुद्दाम, दुसरं काही काम नव्हतं. नव्या तांदळाच्या भाकऱ्या नेल्या अंबाबाईला. त्या रांगेतल्या प्रत्येकाने विचारलं, चालला का, चालला का. पनवेलकर तर भात कसं पडलं ते हाताने करून दाखव म्हणाला. खालापूरच्या म्हाताऱ्याने सांगितलं की माझ्यानंतर दोन डावऱ्या आल्या. एक कर्जतची, एक चौकची. कोणाकडून ऐकलं देव जाणे. चौकची तर सासूला घेऊन आली होती, सासूच डावरी निघाली म्हणे, चाळीस वर्षं लपवलं होतं. आता तो म्हातारा स्वतःच डावे विळे करायला लागलाय आणि हिरामणला शिकवतो, जसं काही त्यानेच शोधलं.

पण मी गेले होते तुझ्यासाठी. नागूने मला एकादशीलाच सांगितलं होतं. पहिल्या पत्रात मी ते घातलं नाही. ती म्हणाली की तू कापणीला रोजावर जायला निघालीस आणि मूठ धरवत नाही म्हणून विळा चिंधीने हाताला बांधून घेतलास. बाकीच्या बाया हसल्या आणि मुकादमाने परत पाठवलं. तेव्हापासून डोक्यावर मीठ वाहतेस. मिठाने ती जागा चिरते, असंही म्हणाली.

मी हिरामणला विचारलं, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नसेल तर विळा धरता येईल असं काही करता येतं का. तो भाता थांबवून विचार करत बसला.

"येतं. मूठ येगळी लागंल. पन हात बघितल्याशिवाय न्हाय व्हायाची."

मी माझी दोन बोटं दुमडून दाखवली. म्हटलं, हा असा हात.

"ह्यो तुझा हात हाय," तो म्हणाला. "तिची तीन बोटं मला कशी कळनार? कुठवर मिटत्यात, कुठं दुखतंय? तिला आन."

मी म्हटलं, ती उरणला आहे, दोन दिवसांची वाट. अंबाबाई म्हणाली, "आमी चंपाषष्ठीपातुर हाय. सप्तमीला पाल उठलं की घाटानं वर. मग फुडल्या वरसालाच."

तर हिरू, ये. रागावलेली असशील तर रागावूनच ये. नागूच्या गाडीत बस, दोन दिवसांत साजगाव. तिथे तुला कोणी बोटांकडे बघून च् च् करणार नाही, एवढं मी सांगते. त्या रांगेत निम्म्या लोहारांच्या हाताचं काही ना काही गेलेलं आहे, भाजलेलं, चेपलेलं. ते हाताकडे बघतात ते त्यात काय बसेल ते बघायला. तू नुसती हो म्हण.

सुंदरा


पळसदरी
मार्गशीर्ष शुद्ध १

हिरू,

नागू आज दुपारी आली. मी रस्त्यावरच तिला गाठलं. गाडीतून उतरू दिलं नाही.

तिने सांगितलं की कारकुनाने पत्र वाचलं तेव्हा तू टोपली बाजूला ठेवून ऐकलंस. उसाचं वाचलं तेव्हा पदू भाऊजी हसले. मग सगळं वाचून झाल्यावर तू कारकुनाला एकच ओळ पुन्हा वाचायला सांगितलीस. "तू जरा पुढे सरकलीस." ती ऐकलीस, टोपली उचललीस आणि मीठ वाहायला गेलीस. मी विचारलं, काही म्हणाली का. नागू म्हणाली, "नाय बाय. काय नाय."

आनंदीबाई, आता मी जे सांगते ते नीट करू नका. आणि उद्या स्टेशनात सगळ्यांना कळलं तरी चालेल.

अंबाबाईने मला त्या दिवशी काय विचारलं होतं ते सांगते. मी तिला सगळी हकीकत सांगितली होती, विळा कसा घसरला ती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आगं, पन विळा घसरला तरी हातभरच जानार. ती तुझ्या इतक्या जवळ कशी?" मी म्हटलं, तीच आली होती. अंबाबाईने माझ्याकडे बघितलं आणि घण उचलला.

तू आली नव्हतीस. मी आले होते.

त्या दिवशी सकाळी हे बांधावरून म्हणाले होते, "धाकटीचा हात बघा, कसा सरळ चालतो." सहज म्हणाले. तू ऐकलंस की नाही ठाऊक नाही. मी ऐकलं. तू माझ्या डाव्या अंगाला होतीस आणि चार-पाच हात पुढे गेली होतीस. माझं मनगट भरून आलं होतं, घसरवून घसरवून. ते मला तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की तू पुढे आहेस आणि सगळे बघतायत. पाणी प्यायला तू थांबलीस तेव्हा मी तुला गाठलं आणि सरळ जायच्या ऐवजी तिरकी तुझ्या पाथीत, तुझ्या कापायच्या पट्ट्यात शिरले. तुझ्या पुढचं भात मी कापलं, म्हणजे तुला थांबावं लागेल. तू म्हणालीस, "बाय, ही माझी पाथ हाय." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तू तुझं भात कापायला विळ्याचा हात पुढे घातलास. तुझंच होतं ते. आणि माझा विळा सुटला.

विळा सुटला हे खरं आहे. मुद्दाम नाही मारला, हे तुला पटत असेल तर पटू दे. पण मी तिथे नसते तर तो मातीत गेला असता.

आणि मग सगळे धावत आले, आत्याबाईंनी विचारलं कसं झालं, आणि मी म्हटलं, "हिरूच माझ्या पाथीत आली." तू रक्ताने भरलेला हात धरून माझ्याकडे बघितलंस. काही बोलली नाहीस. तू का बोलली नाहीस गं? बोलली असतीस तर मी खोटं पाडलं असतं तुला, हे तुला ठाऊक होतं, होय ना. आत्याबाई तुला बोलत राहिल्या, उतावळी, आगाऊ, स्वतःच्या हाताने बोटं घालवली. महिनाभर बोलल्या. मी ऐकलं. पदू भाऊजींनी गाठोडं बांधलं त्या दिवशीही मी चुलीपुढे बसून होते.

कागदावर घालायच्या आधी हे घरात सांगायला हवं, असं मला वाटलं. म्हणून नागूला सोडून घरी गेले. हे भात झोडत होते, आत्याबाई सुपाने वारवत होत्या. उभ्या उभ्या सांगितलं. ह्यांनी पेंढी खाली टाकली आणि ओढ्याकडे चालते झाले, अजून आले नाहीत. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी तिला काय काय बोलले." पुन्हा तेच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "मला तोंड नको दावू आज." म्हणून मी इथे आनंदीबाईंकडे बसले आहे.

आनंदीबाईंनी लिहिताना मधे थांबून मला पाणी दिलं.

हिरू, माझ्यासाठी येऊ नकोस. आपल्या घरी येऊ नकोस. पण साजगावला ये. हिरामण सप्तमीला जाणार. त्या रांगेत तुझं काम आहे, माझं नाही. तुला बघायला मी तिथे येणार नाही, शब्द देते.

हे पत्र नागूचा भाचा आज रात्रीच्या गाडीने नेतोय. कारकूनदादा, हे एकदाच वाचा, आणि बाकीचे लोक नसताना वाचा. ती म्हणाली तर पुन्हा वाचा.

सुंदरा


पळसदरी
मार्गशीर्ष शुद्ध ७

हिरू,

तू आली होतीस.

आज सकाळी कळलं. पंचमीला वाट बघितली, षष्ठीला बघितली. शब्द दिला होता म्हणून साजगावला गेले नाही, पण दारात बसून रस्त्याकडे डोळे लावायला शब्दाची आडकाठी नव्हती. आज सप्तमी, लोहार जाणार, निदान निरोप घ्यावा म्हणून गेले. पालं उतरवत होते. गाढवांवर ऐरणी चढवत होते. मला बघून हिरामणने हाक मारली.

"तुझी जाऊ येऊन गेली की काल."

मी पालाशी जाऊन उभी राहिले. दोन कोसांवर होतीस आणि घरी आली नाहीस. खरं सांगते, पहिल्यांदा मला राग आला. मीच लिहिलं होतं येऊ नकोस म्हणून, तरी आला. मग अंबाबाईने मला गोणपाटावर बसवलं, घाई असूनही, आणि सगळं सांगितलं. तीनदा सांगायला लावलं मी.

म्हणाली, तू नागूच्या गाडीतून उतरलीस ती हात पदरात गुंडाळून. खालापूरच्या म्हाताऱ्याने गोणपाट टाकलं. हिरामणने ओल्या मातीचा गोळा पुढे केला आणि म्हणाला, दाब, जोरात, दुखेल तिथे थांब. तू दाबलास. तुझ्या तीन बोटांचे आणि तळव्याचे ठसे त्याने बोटाने चाचपून बघितले. मग रांगेतले बाकीचे आले. गोळा हातोहात फिरला. पनवेलकर म्हणाला, मुठीला कडं घाल, अंगठ्याखालून जाईल असं. म्हातारा म्हणाला, कडं रुतेल, लाकडालाच खाच दे, नसलेल्या बोटांच्या जागी फुगवटा दे, म्हणजे हात भरेल. तुझ्यापुढे त्यांचं भांडण जुंपलं. आणि तू म्हणालीस, "दोगंबी गप बसा, हात माझा हाय," आणि मग काय हवं ते तूच सांगितलंस. फुगवटा हवा, कडं नको. तेव्हा सगळे हसले आणि तू पण हसलीस. अंबाबाई म्हणाली, "लय ग्वाड हसती तुझी जाऊ." ठाऊक आहे मला. दोन वर्षांपूर्वी रोज ऐकत होते.

तुला तिथे उसाचं कांडं मिळालं का ते विचारायचं राहिलं.

मूठ संध्याकाळच्या आत होणार नव्हती आणि नागूच्या गाड्या दुपारीच सुटणार होत्या. हिरामणने विचारलं, आता हे तुझ्यापर्यंत कोण पोचवणार, आम्ही तर सकाळी घाट चढणार. अंबाबाई सांगते, तू आधी मातीचा हात पदराला पुसलास. मग म्हणालीस, "पळसदरीला माझी थोरली जाऊ हाय. डावरी. ती येईल तुमच्याकडं. तिला द्या."

हिरामण म्हणाला, "ती उरनला आनून दील का?"

तू म्हणालीस, "बघू."

हिरू, तो विळा आता आनंदीबाईंच्या ओटीवर माझ्या शेजारी आहे, फडक्यात गुंडाळलेला. मी मूठ धरून बघितली. माझ्या हातात ती बसत नाही. कोणाच्याच बसणार नाही. फुगवट्याची जागा माझ्या बोटांच्या आड येते.

मी उद्या निघते. पनवेलपर्यंत बोंबीलवाल्यांची शेवटची गाडी आहे, पुढे मचवा. हे म्हणाले मी येतो, मी नको म्हटलं. गेले सहा दिवस हे माझ्याशी कामापुरतंच बोलतात, पण आज पनवेलची वाट कशी ती दोनदा समजावून सांगितली आणि भावाला म्हणून एक घोंगडी काढून ठेवली. आत्याबाईंनी गरव्याचे नवे तांदूळ बांधून दिले. मी विचारलं, हिरूला काय सांगू. म्हणाल्या, "सांग की..." आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "काय नको सांगू. तांदूळ दे."

मी समुद्र पाहिलेला नाही. मचव्यात कधी पाय ठेवला नाही. आनंदीबाई म्हणतात पोटात ढवळतं, लिंबू घेऊन जा. मला तर असं वाटतं की उद्याची वाट न बघता आताच चालायला लागावं.

आनंदीबाई विचारतायत, तूच जातेयस तर हे पत्र कशाला. मी म्हटलं, माझं तोंड तुम्हाला ठाऊक नाही. समोर उभी राहिले की मी आधी भांडेन. घरी का आली नाहीस इथून सुरू करीन आणि पहिल्या पाथीपर्यंत मागे जाईन. म्हणून हे आधी तुझ्याकडे जाईल. तुमच्या खोपटाशी पोचले की मी कारकूनदादांच्या हाती कागद देईन, त्यांनी आत येऊन तुला वाचून दाखवावा. विळा आणि तांदूळ मी ओट्यावर ठेवीन.

ते वाचत असतील तेव्हा मी बाहेर बांधावर बसलेली असेन. वाचून झालं आणि तुला वाटलं तर हाक मार. नाही वाटलं तर नको मारू, संध्याकाळचा मचवा असतो म्हणे.

पण विळा तेवढा लगेच उचल, हिरू. उजव्या हाताने. मला बांधावरून दिसेल.

सुंदरा